घरचा वाफा

कोणत्याही समाजाची प्रगती त्याच्या पोटात काय जातं यावरून मोजू नये. पोटात गेलेल्याची नोंद कोणत्या विहित नमुन्यात ठेवली जाते, यावरून मोजावी. या मापाने पाहिलं तर एकोणीसशे शहाऐंशी साली ठाणे जिल्हा भलताच पुढे निघून गेला, कारण त्या वर्षी खोपटच्या एस.टी. डेपोजवळ, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर, 'भाजीपाला औषध-अवशेष तपासणी कक्ष (तात्पुरता)' सुरू झाला. भाजीवर मारलेलं औषध तोडणीनंतर भाजीवर किती शिल्लक राहतं, हे शोधून काढणं हे कक्षाचं काम. (किडे मारायच्या विषाला आपल्याकडे औषध म्हणतात. पीक आजारी, त्याला औषध. त्यात खाणाऱ्याने नाक खुपसायचं कारण नाही.) कक्षात तीन टेबलं, एक लोखंडी कपाट, लाखेच्या कांड्यांचा खोका आणि दोन माणसं होती. तिसरं टेबल कक्षाच्या भरभराटीसाठी राखून ठेवलं होतं.

दोन माणसांपैकी एक गुप्तेसाहेब आणि दुसरा नमुना सहायक गुणाजी. गुणाजी ठाण्याच्या कोळीवाड्यातला, हाडाचा कोळी. भाजी हा प्रकार त्याच्या घरी श्रावणात आणि आजारपणात शिजायचा. मुलाखतीत त्याच्यापुढे मेथी आणि शेपू ठेवून ओळखायला सांगितलं, तेव्हा त्याने दोन्हींना पालेभाजी म्हटलं. उत्तर चूक म्हणता येईना, म्हणून नेमणूक झाली. ज्याला भाजीचं प्रेम नाही तो भाजीवाल्याच्या दबावाखाली येणार नाही, असा शेरा गुप्तेसाहेबांनी मारला आणि त्यात तथ्य होतं. गुणाजीचा बाप खाडीत जाळं टाकायचा. पुढे खाडीत रंगीत पाणी उतरायला लागलं, मासळी आटली आणि बापाने होडी विकली. (खाडीच्या पाण्याची तपासणी दुसऱ्या एका कक्षाकडे होती. तोही तात्पुरताच होता.) तेव्हा गुणाजीला मागे फिरायला पाणी उरलं नव्हतं आणि पुढे ही एकच नोकरी होती.

नमुना घेण्याची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध होती. भाजी दीड किलो घ्यायची. तिचे तीन सारखे भाग करायचे. प्रत्येक भाग खाकी कागदात, कागद कापडी पिशवीत, पिशवीचं तोंड सुतळीने बांधून गाठीवर लाख, लाखेवर शिक्का आणि शेजारी दोन पंचांच्या सह्या. पहिला भाग एस.टी. पार्सलने मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे रवाना व्हायचा. उरलेले दोन, पुढेमागे वाद उपस्थित झाल्यास पुरावा म्हणून, कक्षाच्या ताब्यात राहायचे. वाद दोन वर्षांनी उपस्थित होणार आणि भेंडी चौथ्या दिवशी मान टाकणार, एवढी बारीक गोष्ट नियम करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असावी. कक्षाकडे फ्रिज नव्हता, गुप्तेसाहेबांच्या घरी होता. त्यामुळे दुसरा आणि तिसरा भाग रोज संध्याकाळी साहेबांच्या घरी सुरक्षित ठेवला जाई. त्यानंतर त्यांचं काय झालं, हे लिहायला विहित नमुन्यात रकाना नव्हता.

गुणाजीने नमुन्यांसाठी डोंबिवलीकडची मानपाड्याची बाजू धरली, कारण खोपटहून शीळफाट्यावरून जाणारी एस.टी. त्याला थेट तिथे नेऊन सोडायची. तिथल्या आगरी मंडळींच्या जमिनी बऱ्याचशा कारखान्यांत गेल्या होत्या. उरलेल्या तुकड्यांत भात निघालं की विहिरीच्या पाण्यावर भेंडी, वांगी, गवार असा भाजीपाला व्हायचा. अशाच एका तुकड्यावर बायजाबाय आणि तिचा नवरा काळुराम राबत. बायजाबाय पन्नाशीची, आवाजाने आणि मनाने मोठी. पहिल्याच दिवशी सरकारी माणूस पिशवी घेऊन दारात उभा राहिलेला बघून तिने त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला, घरची माणसं विचारली आणि त्याचा फॉर्म भरून होईपर्यंत घरामागे जाऊन पिशवी भरून आणली. गुणाजीने नियमाप्रमाणे पावती दिली. ती पावती तिने देव्हाऱ्यात नेऊन ठेवली.

हे सगळीकडे असंच चाले. गुणाजी ज्या ज्या ओटीवर टेकला, त्या त्या घरातली बाई लगबगीने घरामागे जायची आणि ताजी तोडलेली भाजी घेऊन यायची. कोणी जास्तीची काकडी घालायची, कोणी कढीपत्ता. सरकारला मिळणाऱ्या या सहकार्याबद्दल गुप्तेसाहेबांनी दोनदा वरिष्ठांना कळवलं. पाच वर्षांत कक्षाने एकूण चारशे बारा नमुने पाठवले. प्रयोगशाळेचे अहवाल सरासरी पाच महिन्यांनी येत आणि प्रत्येकावर एकच शेरा असे : 'अवशेष आढळले नाहीत.' चारशे बारापैकी चारशे बारा. एवढी शुद्ध भाजी पृथ्वीवर अन्यत्र कुठे मिळत असल्याची माहिती कक्षाकडे नव्हती. गुप्तेसाहेबांनी भिंतीवर आलेख लावला. त्यातली रेषा पाच वर्षं जमिनीला चिकटून सरळ चालली होती आणि येणाऱ्या पाहुण्यांना साहेब ती अभिमानाने दाखवत.

या शुद्धतेनेच घात केला. एक्याण्णव सालच्या दिवाळीनंतर काटकसरीचं परिपत्रक आलं. ज्या तात्पुरत्या कक्षांना स्थापनेपासून एकही दोष सापडला नाही, त्यांची आवश्यकता दिसून येत नसल्यामुळे ते येत्या एकतीस मार्चला बंद करण्यात यावेत, असं त्यात म्हटलं होतं. गुप्तेसाहेब मूळ खात्यात परत जाणार होते, त्यांचं काही बिघडत नव्हतं. (फ्रिज तेवढा रिकामा राहणार होता.) गुणाजीला मात्र मूळ खातंच नव्हतं. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळवत तो अडतीस वर्षांचा झाला होता, दुसऱ्या सरकारी नोकरीचं वय उलटलं होतं, दोन मुली शाळेत होत्या आणि खाडीत मासा नव्हता. त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागलं नाही. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात आपल्यापुरतं थोडंसं विष मिळू नये, याचं त्याला मनापासून दुःख झालं.

गुप्तेसाहेबांनी धीर दिला. फार नको, एकच नमुना आणा, पण नेमका वाईट आणा, असं त्यांनी सांगितलं. वाईट म्हणजे काय, हे दोघांनी मिळून ठरवलं. जे दिसायला वाईट ते वाईट. गुणाजी मानपाड्याला गेला आणि एका ओटीवर हट्टाने भोकं पडलेली, वाकडीतिकडी, किडकी वांगी मागून घेतली. घरच्या बाईला लाजल्यासारखं झालं, पण सरकारी माणसाची आवड म्हणून तिने दिली. नमुन्यावर साहेबांनी लाल शाईत 'अतितातडीचे' लिहिलं, त्यामुळे अहवाल अवघ्या पाच आठवड्यांत आला. त्यात लिहिलं होतं : 'अवशेष आढळले नाहीत. नमुन्यात अळी आढळली. अळी जिवंत असून तिची प्रकृती उत्तम आहे.'

गुणाजीने तो अहवाल चारदा वाचला. ज्या वांग्यात अळी सुखाने नांदते त्यात विष असणार नाही, हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरलं. भाजीच्या खात्यात पाच वर्षं काढल्यावर त्याला झालेलं हे पहिलं ज्ञान. मग जिथे अळी नाही, भोक नाही, डाग नाही, अशी चकचकीत भाजी कुठे असते, असा विचार करत तो फेब्रुवारीत पुन्हा मानपाड्याला उतरला. या खेपेला तो ओटीकडे न वळता रस्त्याकडच्या शेतात शिरला. तिथे तोंडाला फडकं बांधून काळुराम पाठीवरच्या पंपाने फवारत होता आणि बांधावर टेम्पोची वाट पाहत पाट्या भरून ठेवल्या होत्या. त्यांतली भेंडी अशी होती की एकेक निवडून, पुसून, पॉलिश करून ठेवावी. गुणाजीने पाटीत हात घातला आणि मागून बायजाबाय जवळजवळ धावत आली.

"त्याला हात नको लावू, दादूस. ते मार्केटचा हाय."

"मला तेच पायजे, बायजाबाय."

"कशाला? तुझे घरान पोरी हायेत ना? मानसाला कोन देतं काय ते?"

गुणाजीने तिला विचारलं, मग मार्केटात ते कोण खातं. बायजाबायने या प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. तीस वर्षं ती भाजी पाठवत होती, पण टेम्पो वळणावर गेल्यावर पुढे काय होतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"मार्केटात मार्केट खातो," ती म्हणाली. "मना काय ठाव."

मग तिने त्याला घरामागे नेलं. तिथे अंगणाएवढी जागा होती, चार ओळी भेंडीच्या, दोन वांग्याच्या, कडेला मिरची. पानांना भोकं होती, भेंड्या आखूड होत्या. हा घरचा वाफा. प्रत्येक घरामागे असा एक असतो, त्यावर औषध मारत नाहीत, कारण ते घरातली माणसं खातात आणि घरी आलेला पाहुणा खातो. पाच वर्षं तिने, आणि तिच्यासारख्या प्रत्येकीने, दारात आलेल्या सरकारला पाहुणा समजून आपल्या पोरांच्या ताटातली भाजी दिली होती. चारशे बारा अहवालांत जिल्ह्याची शुद्धता नव्हती, आगरी आया-बायांची माया होती, आणि ती तपासायचं यंत्र प्रयोगशाळेकडे नव्हतं. गुणाजी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसला. गेली काही वर्षं मासळी परवडत नसल्यामुळे त्याची बायको भागीरथी आठवड्यातून पाच दिवस मार्केटमधून भाजी आणत होती. चांगली निवडून आणायची. एकही कीड नसलेली.

तो घाबरला. सरकारी कामात घाबरण्यासारखं काही असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण त्या दिवशी दोन मुलींची ताटं डोळ्यांसमोर येऊन तो खरोखरच घाबरला. तरीही मार्च तोंडावर होता. त्याने बाजाराच्या पाटीतली दीड किलो भेंडी मागितली. बायजाबाय द्यायला तयार होईना. शेवटी, यातली एकही घरी नेणार नाही आणि साहेबालाही खाऊ देणार नाही, अशी मुलींची शपथ तिने त्याला घ्यायला लावली, आधी घरच्या वाफ्यातली भाजी आणि तांदळाची भाकरी जेवायला वाढली आणि मगच पाटी पुढे सरकवली.

चोवीस मार्चला अहवाल आला. अवशेष मर्यादेच्या एकोणीसपट. कक्षात आनंदीआनंद झाला. गुप्तेसाहेबांनी पेढे मागवले, आलेखातल्या रेषेला कागद पुरेना म्हणून वर दुसरा कागद चिकटवला आणि कक्षाची निकड सिद्ध झाल्याचं त्याच दिवशी वरिष्ठांना कळवलं. एप्रिलमध्ये पाटीवरचा 'तात्पुरता' हा शब्द रंगाने पुसून टाकण्यात आला. गुणाजी कायम झाला. भागीरथीने कोळीवाड्यात साखर वाटली.

आता नियमाप्रमाणे दोषीवर कारवाई करणं भाग होतं. नमुन्यावर उत्पादक म्हणून एकच नाव होतं. नोटीस घेऊन गुणाजीलाच जावं लागलं. बायजाबायला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ती त्याच्याच हातात परत दिली आणि ओटीवर त्याच्यासमोर बसून ऐकायला लागली. सार्वजनिक आरोग्यास धोका, कलम, पोटकलम, तुरुंगवासाची तरतूद, हे सगळं गुणाजीने खाली मान घालून वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे मी काय केला, दादूस? तूच मागितलास ना?" गुणाजीने नोटिशीची घडी घातली. त्याला अशी लाज कधी वाटली नव्हती, आणि तिने चहा ठेवल्यावर ती आणखी वाढली.

सुदैवाने आपल्या पद्धतीत अन्याय होऊ नये म्हणून समिती नेमायची सोय आहे. सात जणांची समिती जीपने मानपाड्याला आली. तिने दोन्ही वाफ्यांची पाहणी केली, अंतर मोजलं, बायजाबायच्या ओटीवर जेवण केलं (भाजी कोणत्या वाफ्यातली, हे समितीने दोनदा विचारून खात्री करून घेतलं) आणि एकमताने पुढील निष्कर्ष काढला. सदर महिलेने माणसांसाठी पिकवलेली भाजी पूर्णतः शुद्ध आहे. दोष फक्त बाजारासाठीच्या भाजीत आढळतो. सबब दोष बाजाराचा आहे. बायजाबायवरची नोटीस मागे घेण्यात आली आणि 'बाजार, राहणार बाजार' या नावाने नवी काढण्यात आली. ती पोस्टातून, 'या पत्त्यावर सदर इसम राहत नाही' असा शेरा मारून परत आली. दर सहा महिन्यांनी पाठवली जाते आणि दर सहा महिन्यांनी येते. टपालखात्याच्या चिकाटीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

समितीच्या अहवालाला एक शिफारसही होती. अशा महत्त्वाच्या कामात गुंतलेल्या अधिकाऱ्यांची प्रकृती ठणठणीत राहणं राष्ट्रहिताचं असल्याने, त्यांची नावं बायजाबायच्या कुटुंबात दाखवण्यास हरकत नसावी. हरकत कोणी घेतली नाही. मूळचं सहा माणसांचं कुटुंब त्र्याण्णव साली एकोणीसवर गेलं, चौऱ्याण्णवमध्ये अडुसष्टवर, पंचाण्णवअखेर एकशे त्रेचाळीसवर. त्यात साहेबांचे साहेब होते, दोन डॉक्टर होते, एक खतांचा व्यापारी होता आणि पंप विकणारा एक सज्जनही होता. घरच्या वाफ्यातली भाजी आणायला जीप सोमवारी आणि गुरुवारी जाई. घरचा वाफा अंगणातून शेतात उतरला आणि बाजाराच्या वाफ्याला जाऊन भिडला.

याच काळात गुणाजीने नोकरीतली एकमेव आगळीक केली. बाजाराच्या वाफ्यावरची फवारणीच थांबवता येईल का, शेतकऱ्यांना दुसरा काही उपाय शिकवता येईल का, अशी दीड पानी टिपणी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून साहेबांपुढे ठेवली. गुप्तेसाहेब रागावले नाहीत. त्यांनी त्याला रिकाम्या तिसऱ्या टेबलाच्या खुर्चीत बसवलं आणि शांतपणे समजावलं. "गुणाजी, फवारणी थांबली की दोष सापडायचा थांबेल. दोष थांबला की कक्ष बंद. तुमची मोठी यंदा दहावीला ना?" मोठी दहावीला होती. गुणाजीने टिपणी मागे घेतली, आणि आपण ती मागे घेतोय याचं त्याला फार वाईटही वाटलं, पण हात थांबला नाही.

शहाण्णवच्या हिवाळ्यात तो मानपाड्याला गेला तेव्हा काळुराम घरच्या वाफ्यावर पंप मारत होता. एकशे त्रेचाळीस माणसांना पुरेल एवढी भाजी किड्यांच्या तोंडून सोडवायची तर दुसरा इलाज नव्हता. गुणाजीने बायजाबायकडे पाहिलं. तिने डोळे चुकवले नाहीत.

"एवढी मानसां झाली का त्याला घर नाय बोलत, दादूस. त्याला मार्केटच बोलतात."

मग तिने इकडेतिकडे बघून त्याला गोठ्यामागे नेलं. तिथे दोन ओळी भेंडीच्या होत्या, एक वांग्याची. पानांना भोकं होती. तिने त्याच्या पिशवीत मूठभर भेंड्या टाकल्या आणि वरून कढीपत्ता झाकला. गुणाजीने साहेबांना हे सांगायला हवं होतं. संध्याकाळी साहेबांच्या घरी जीपमधली टोपली उतरवताना ते त्याच्या ओठांवरही आलं होतं. पण गोठ्यामागच्या ओळी दोनच होत्या आणि घरी मुली दोन होत्या. त्याने टोपली आत नेऊन ठेवली. साहेब आजही ती चकचकीत भेंडी मोठ्या विश्वासाने खातात.

ही हकीकत हळूहळू बाहेर फुटलीच आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून कक्षाकडे अर्ज येऊ लागले. सुशिक्षित, सुजाण, समाजाची चाड असलेले नागरिक. आजपर्यंत दोन हजार तीनशे सतरा अर्ज आले असून ते सगळे साहेबांपर्यंत जाऊ न देता गुणाजीने स्वतः वाचले आहेत. प्रत्येकाने एकच विचारलं आहे : गोठ्यामागच्या वाफ्यात आमचं नाव घालता येईल का? पुढच्या बाजूचा वाफा कोणासाठी पिकतो, तिथली फवारणी का थांबत नाही, असं विचारणारा एकही अर्ज नाही. गुणाजी अजून अशा एका अर्जाची वाट पाहतो. टपाल आलं की आधी उभ्या उभ्या सगळी पाकिटं फोडतो.

आपणही इथवर आलाच आहात. गोठा मानपाड्याच्या फाट्यापासून नेमका कोणत्या बाजूला आहे, एवढंच आपल्याला विचारायचं होतं, हे कक्षाने गृहीत धरलं आहे. वेगळा अर्ज करण्याची गरज नाही. आपला क्रमांक दोन हजार तीनशे अठरा.